तेवीस लेकरांचा भोंगा

माझ्या आवाजाबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी दचकायला नको. मी अंगणात उभी राहून सुनेला मीठ मागितलं तर शेजारच्या तीन घरांतून मीठ येतं. नातीच्या साखरपुड्यात मी व्याह्यांच्या कानात हळूच एक गोष्ट सांगितली, तेव्हा मांडवातले सगळे हसले आणि आचाऱ्यानं कढई उतरवली. डॉक्टर म्हणतो, आजी, तुमच्या कानात दोष आहे. दोष कानात नाही आणि गळ्यातही नाही. हा आवाज मला जिनानं दिला. आमच्या गावाबाहेर, मोताळ्याच्या बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून, एक कापसाचं जीन होतं, म्हणजे कपाशीतून रुई एकीकडं आणि सरकी एकीकडं काढायचा कारखाना. त्यात चाळीस रेचे एका ओळीत चालायचे. रेचा म्हणजे बाईच्या छातीएवढं लोखंडी जनावर. त्याच्या तोंडात बाईनं पुढ्यातल्या फळीवर बसून दिवसभर हातानं कापूस भरवायचा आणि त्यानं दिवसभर ओरडत खायचं. अशी चाळीस जनावरं, त्यांना फिरवणारे हत्तीच्या सोंडेएवढे पट्टे आणि पलीकडच्या खोलीत ते इंजीन. आत वीज कोसळली असती तरी आम्हाला फक्त उजेड दिसला असता.

त्यामुळं आतल्या बाया हातानं बोलायच्या. दोन बोटं ओठाला लावली की तंबाखू आहे का, पदर खांद्यावरून झटकला की मुकादम आला, आणि तळहात पोटावर गोल फिरवला की भोंगा कधी वाजणार. हे शेवटचं बोलणं सगळ्यांत जास्त व्हायचं. घरी आल्यावर मात्र दिवसभराचं साचलेलं सगळं तोंडानं बाहेर पडायचं आणि कानात अजून रेचेच ओरडत असायचे, म्हणून आमच्या आळीत संध्याकाळी भाकर वाढतानाही भांडण चालल्यासारखं वाटायचं. एकदा बाहेरगावचे पाहुणे मला पाहायला आले. माय त्यांना नुसतं "बसा, चहा ठेवतो" म्हणाली, तर ते चपला हातात घेऊन निघाले. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि माझं लग्न लांबलं ते असं.

आमच्या घरातून जिनात चौघं जायचो. मोठा भाऊ नामदेव रुईच्या गठाणी दाबायच्या कामावर, माय आणि वैनी रेच्यावर आणि मी सरकीवर. रेच्याखाली पडलेली सरकी टोपल्यात भरायची, डोक्यावर घ्यायची आणि बाहेर आवारात ढीग घालायचा, असं माझं काम. दिवसातून शंभर खेपा. दोनशे म्हटलं तरी खोटं ठरवायला आता कोणी उरलेलं नाही. घरी पहाटे मायच्या हाताची ज्वारीची भाकर थापली जायची, तिचा थप् थप् आवाज हाच आमचा कोंबडा. भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी, नशीब असलं तर अंबाडीची भाजी, आणि सगळं एका फडक्यात. मायचा ठेचा इतका जहाल की फडकं उघडलं तर शेजारच्या रेच्यावरची बाई शिंकायची. आजकाल माझी नात त्या ठेच्यावर दही घेते. मी बघते आणि गप्प बसते. म्हणजे माझ्यापुरतं गप्प.

वैनीचं नाव शेवंता. तिला पाच महिन्यांचा पोरगा होता, सदा. जिनात काम करणाऱ्या बायांची तान्ही लेकरं आवारातल्या एकुलत्या एका कडुलिंबाखाली ठेवलेली असायची, फांद्यांना बांधलेल्या लुगड्यांच्या झोळ्यांत. त्या मोसमात ती तेवीस होती. त्यांच्यावर नजर ठेवायला जिनानं गयाबुढी ठेवली होती. हडकुळी, दात दोनच, पण त्या दोन दातांनी ती सुपारी फोडायची. बुढीपाशी एक पितळी डबी होती आणि तीत अफूच्या बारीक गोळ्या. सकाळी ऊन झाडाच्या बुंध्याशी आलं की बुढी लेकरागणिक एकेक गोळी जिभेवर ठेवायची. मग तेवीस लेकरं अशी निजायची की झोळ्यांत पाटे-वरवंटे ठेवलेत असं वाटावं. हे तेव्हा सगळीकडं चालायचं, त्यात कोणाला पाप दिसत नव्हतं. बाईनं रेचा सोडून लेकराकडं जायचं नाही हा नियम, आणि लेकरू रडलं तर तिचं लक्ष उडतं, असं जिनवाल्यांचं म्हणणं. फाटकाबाहेर कामाच्या आशेनं रोज दहा-बारा बाया बसून असायच्या. एक बाई रेच्यावरून हलली की मुकादम फाटकाकडं बोट करायचा, अन् त्या जागी दुसरी.

दुपारी बाराला भोंगा व्हायचा, इंजीन थांबायचं, बाया धावत लिंबाखाली जायच्या, लेकरांना पाजायच्या आणि मग आपली भाकर सोडायच्या. असं ठरलेलं होतं. पण त्या वर्षी नवे दिवाणजी आले. पुण्याकडचे, टोपी कडक, बोलणं त्याहून कडक. जिनाचं घड्याळ त्यांच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली त्यांच्या जानव्याला. आणि भोंगा हळूहळू पुढं सरकू लागला. कसं कळलं म्हणाल, तर आवारात गाड्या तोलायच्या काट्याचा एक उंच खांब होता. इंजीनवाले रहीमचाचा जुने माणूस. त्यांनी पूर्वी कधी तरी, बाराच्या भोंग्याला त्या खांबाची सावली जिथं टेकते तिथं एक पांढरा दगड रोवला होता. आता भोंगा ऐकून आम्ही बाहेर यायचो तर सावली दगड सोडून हातभर पुढं. आठ दिवसांनी दोन हात. पुढं पुढं तर ती गाड्यांच्या वाटेवर जाऊन बैलांच्या पायात लोळायची. संध्याकाळचंही तेच, दिवस बुडून दिवे लागले तरी रेचे चालूच. बोटभर सावली म्हणजे एक टोपलं रुई, हा हिशेब दिवाणजींना आमच्या आधी कळला होता. मजुरी मात्र भोंग्यापासून भोंग्यापर्यंतची, भोंगा कुठंही असो.

बाया बोलायला गेल्याच नाहीत असं नाही. एका दुपारी माय पाच जणींना घेऊन दिवाणजींच्या दारात उभी राहिली. "दिवाणजी, भोंगा लई उशिरा होऊन राह्यला."

दिवाणजींनी वर न बघता विचारलं, "तुमच्याकडे घड्याळ आहे का?"

"हाव, हाये ना," माय म्हणाली. "ओल्या बाळंतिणीची चोळी बाराले भिजते. रोज भिजते. तिले किल्ली द्या लागत नाई."

पाचही जणी तोंडाला पदर लावून हसल्या. दिवाणजींचे कान लाल झाले. म्हणाले, "जिनाची वेळ जिनाच्या घड्याळावर. ज्यांना पटत नसेल त्यांनी फाटकाबाहेर बसावं." आणि फाटकाबाहेर बसलेल्या बाया खिडकीतून दिसत होत्या, त्यामुळं हसणं तिथंच संपलं.

आमच्या घरात मात्र ते हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. सदा सुकत चालला होता. उशिरा भोंगा होईपर्यंत रडू नये म्हणून दिवाणजींनी बुढीला दुसरी गोळी द्यायला लावली होती, आणि वैनी धावत येऊन त्याला छातीशी धरायची तेव्हा तो इतका गुंगलेला असायचा की तोंडच लावत नसे. वैनी त्याच्या तळव्यांना टिचक्या मारायची, गालावर पाणी लावायची, तो एकदा डोळे उघडून परत मिटायचा, अन् तेवढ्यात कामावर परतायचा भोंगा. पोराच्या मांड्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्या. मायनं एका संध्याकाळी चुलीपुढं सांगून टाकलं, "शेवंते, येत्या बाजारापर्यंत पाहू. नाई तं तू घरी राह्य."

वैनी भाकर उलटत होती. "घरी राहून खाऊ काय?" तिनं विचारलं. "माही जागा गेली तं या मोसमात भेटत नाई. मंग दूध बी आटते अन् चूल बी." तिनं हे रागानं नाही, सरळ विचारलं. तव्यावरची भाकर जळली आणि ती कोणीच काढली नाही. 

अशा वेळी मला कल्पना सुचली. मी म्हटलं, "माय, लेकरं निजतात म्हणून भोंगा लांबते. लेकरं उठली तं?" तीन दिवसांनी जिनाचे मालक शेटजी येणार होते, वर्षातून एकदा यायचे तसे, आणि सोबत मुंबईचे गठाणी घेणारे दोन व्यापारी. आवारात सावली एकाच झाडाची, तेव्हा खुर्च्या लिंबाखालीच मांडणार. निजलेली लेकरं कोणाला काय करतात, असं दिवाणजींना वाटणार. माझा बेत असा की त्या दिवशी गोळ्याच द्यायच्या नाहीत. बाराला लेकरं भुकेनं रडतील, आत बाया ऐकतील आणि साऱ्याजणी एकदम बाहेर येतील. एकीला काढता येतं, चाळिसांना कसं काढतील? मायनं माझ्याकडं पाहिलं आणि ठेच्याचं बोट चाटलं, म्हणजे तिला पटलं.

गयाबुढीला विचारायला मी ओटीभर बोरं घेऊन गेले. मला वाटलं ती नाही म्हणेल, तिची भाकर त्या डबीवर होती. बुढीनं एक बोर त्या दोन दातांनी सोललं आणि म्हणाली, "मागल्या साली माह्या हातानं निजलेलं एक लेकरू उठलंच नाई, पोरी. कोणी मले काई म्हनलं नाई. त्याच्या मायनं बी नाई." मग तिनं डबी माझ्या हातात ठेवली. "भरून आन. काई बी भर. दिवाणजी समोर उभा राहून गोळ्या द्याले लावील त्या दिवशी."

मग आमच्या चुलीवर गुळाच्या गोळ्या झाल्या. गूळ, चिमूटभर पीठ आणि रंगाला थोडी तव्याची काजळी. माय वळायची, मी मोजायची आणि नामदेव खायचा, म्हणून तेवीस व्हायला रात्र झाली. खऱ्या गोळ्या मी सरकीच्या ढिगात पुरल्या. ती सरकी खाऊन शेटजींचा बैल दोन दिवस झोपला, उठला तेव्हा त्याला स्वतःचं दावं ओळखू येईना, असं मी सांगत असते. बैलाचं मी नंतर जोडलं आहे. बाकी खरं.

तो दिवस उजाडला. दिवाणजी बुढीपुढं उभे राहिले, तेवीस काळ्या गोळ्या तेवीस जिभांवर गेल्या, लेकरांनी मिटक्या मारल्या. दिवाणजी म्हणाले, "आज फार आवडीनं घेतायत." बुढी म्हणाली, "सवय लागली बापा." लिंबाखाली सतरंजी, चार खुर्च्या, चहाची किटली. शेटजी आले, पोटावर सोन्याची साखळी, साखळीला घड्याळ. लेकरं पोटात गूळ गेल्यानं खेळली, पाय झाडले, मग थकून थोडी निजली. मी टोपलं डोक्यावर घेऊन ये-जा करत होते आणि दर खेपेला खांबाच्या सावलीकडं बघत होते.

सावली दगडापासून चार बोटं राहिली तेव्हा पहिलं लेकरू उठलं. आमचाच सदा. त्यानं कित्येक दिवसांत आवाज काढला नव्हता, म्हणून मी थांबले. मांजराच्या पिलासारखं एकदा म्याव केलं. मग दुसऱ्यानं ऐकून साथ दिली, मग तिसऱ्यानं. सावली दगडाला टेकली आणि तेवीस झोळ्या एकदम पेटल्या. काय रडली म्हणता. लिंबावरचे कावळे उडाले, बैलांनी कान पाडले. मी आतल्या दाराकडं बघत राहिले की आता बाया येतील.

कोणीच आलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आत वीज कोसळली तरी ऐकू येत नाही, हे मीच सगळ्या गावाला सांगत फिरायचे, आणि आम्ही सगळ्यांनी बसून बेत केला तो रडणं ऐकू येण्याचा. इतकी वर्षं त्या आवाजात राहून आम्हाला तो आवाज आहे हेच ध्यानात राहिलं नव्हतं. मी टोपलं तिथंच टाकलं आणि आत धावले.

आत रुईचं धुकं. मी ओळीपुढं उभी राहिले आणि दोन्ही हात छातीपुढं धरून हलवले, मग डोळ्यांखाली बोटं ओढली. लेकरं रडून राह्यले. मग बोट बाहेर दाखवलं, खांबाची उभी रेघ, तिच्या पायथ्याशी टेकलेला हात. बारा. चाळीस बायांनी पाहिलं. चाळिसांना समजलं. आणि चाळिसांचे हात कापूस भरवत राहिले. प्रत्येकजण शेजारणीकडं बघत होती, कारण मुकादम दाराशी उभा होता आणि पहिली उठेल तिची जागा जाणार हे त्याला सांगायची गरज नव्हती. माय माझ्याकडं बघत होती. तिचे ओठ हलले, काय म्हणाली ते मला आजही माहीत नाही. मग मी वैनीकडं पाहिलं. तिची चोळी भिजलेली होती. तिनं हातातला कापूस खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि मांडीवर घेतले. बस्स, एवढंच. उठली नाही, बोलली नाही, नुसती बसली.

तिचा रेचा रिकामा खडखडू लागला. मुकादम तिच्याकडं निघाला आणि तो दोन पावलं येतो न येतो तोच मायनं हात मांडीवर घेतले. मग तिच्या पलीकडचीनं. मुकादम एकीकडं वळायचा तर मागं दोघी थांबायच्या. सगळी ओळ अशी थांबत गेली आणि चाळीस रेचे रिकाम्या पोटी खडखडत पळू लागले. रेच्यांच्या तोंडात कापूस नसला की इंजिनावरचं ओझं उतरतं आणि ते उधळतं. पट्टे फडफडले, पत्रे थरथरले. पलीकडच्या खोलीतून रहीमचाचांनी डोकं बाहेर काढलं, ओळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि परत आत गेले. इंजीन थांबवणं त्यांना भागच होतं. आणि भोंगा दिल्याशिवाय इंजीन थांबवायचं नाही, अशी पाटी दिवाणजींनीच त्या भिंतीवर लावली होती.

आता बाहेर काय चाललं होतं ते मला बुढीनं सांगितलं, आणि बुढी माझ्याहून एक हात पुढची होती, तेव्हा तुम्ही थोडं कमी करून घ्या. लेकरांनी रडून रडून व्यापाऱ्यांच्या कपात चहा हिंदकळवला. शेटजी म्हणाले, "दिवाणजी, यह क्या है?" दिवाणजींनी गडबडीनं जवळचं लेकरू उचललं. त्या लेकरानं त्यांच्या कडक धोतरावर जे करायचं ते केलं. "बुढे, ह्यांना गोळी दे," दिवाणजी ओरडले. बुढीनं डबी उघडून दाखवली, रिकामी. शेटजींनी बुढीला विचारलं, "काहे को रोते हैं सब एक साथ?"

"बारा वाजले मालक," बुढी म्हणाली. "यांच्या माया बाराले येतात पाजाले."

मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं खिशातून घड्याळ काढलं, पाहिलं आणि खो खो हसला. "शेटजी, बरोबर बारा. तुमच्या पोरांना घड्याळ लागत नाही." शेटजींनी आपलंही घड्याळ पाहिलं. पाहुण्यांपुढं छाती फुगवायची संधी कोणता मालक सोडतो? म्हणाले, "हमारे यहाँ बारा म्हणजे बारा. भोंगा एक मिनिट इकडं-तिकडं होत नाही."

आणि त्याच क्षणी भोंगा वाजला.

इंजीन थांबलं. आम्ही बाहेर आलो, चाळीसजणी, ओळीनं, कोणी धावलं नाही. सावली दगडावर होती. दिवाणजी लेकरू हातात धरून उभे होते आणि ते लेकरू कोणाचं होतं हे तुम्ही ओळखलं असेलच. वैनीनं ते त्यांच्या हातातून घेतलं, पदर ओढला, आणि सदा असा तुटून पडला की त्याचा गट् गट् आवाज मला ऐकू आला. इतक्या दिवसांनी जिनाच्या आवारात मला कसला तरी बारीक आवाज ऐकू आला होता. व्यापाऱ्यांनी पाठ फिरवली. दिवाणजी दात आवळून रहीमचाचांपाशी गेले. "कोणाला विचारून भोंगा दिला?"

"इंजन उधळलं साहेब," चाचा हात पुसत म्हणाले. "बंद नसतं केलं तं पट्टा तुटून शेटजीच्या चहात येता. अन् भोंग्याबिगर बंद करू नका असं तुमचीच पाटी बोलते."

शेटजी पाहुण्यांपुढं बोलून बसले होते, त्यामुळं दुसऱ्या दिवसापासून बारा म्हणजे बारा झालं. कोणाची जागा गेली नाही. कोणाकोणाची घालवणार, आणि कोणत्या कारणानं, भोंगा वेळेवर झाला म्हणून? बुढीच्या डबीत पुढं सुपारी राहू लागली. मात्र मी थापा मारणारी बाई असले तरी एवढं खोटं नाही सांगणार की आम्ही जिंकलो. दुपार आमची झाली, संध्याकाळ शेटजींचीच राहिली. दिवाणजी दुपारचं गेलेलं संध्याकाळी वसूल करायचे. त्या संध्याकाळसाठी आम्हाला पुढं आणखी दोन मोसम भांडावं लागलं, आणि ते लेकरांच्या रडण्यानं होण्यासारखं नव्हतं. पण भांडता येतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं, अन् भांडायला फार काही लागत नाही, हात मांडीवर घेतले तरी पुरतं.

जीन बंद पडलं त्याला जमाना झाला. आता आमच्या गावात विचाराल तर चाळीस घरं सांगतात की पहिला हात आमच्या आजीनं थांबवला. मी कोणाचंच खोडत नाही. वैनी गेली तोवर तिनंही कधी खोडलं नाही, उलट "हाव, तिनंच" म्हणून प्रत्येकीला दुजोरा द्यायची.

सदा आता सहा नातवांचा आजोबा आहे, आणि त्याच्या मांड्या आता माझ्या कमरेएवढ्या आहेत, हे मुळीच वाढवून सांगत नाही. त्याच्या मनगटावर घड्याळ नाही. गेल्या महिन्यात एका लग्नात वरात यायची होती, मंगलाष्टकं व्हायची होती, पाहुणे ताटकळत बसले होते. सदा मधूनच उठला, पंगतीच्या जागी जाऊन मांडी घालून बसला आणि वाढप्याकडं बघू लागला. नवरीचा बाप धावत आला, "दादा, अजून मुहूर्त व्हाचा हाये."

सदा म्हणाला, "मुहूर्त होऊ दे. बारा वाजले."

मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथूनच म्हटलं, "वाढ बे त्याले." आणि वाढप्यानं वाढलं.